लांबच्या सायकल राइडला सीट कुठली: जेलची की कडक?
साताऱ्यातून यवतेश्वर घाट चढून कासला जायचं, तर एका बाजूचेच साधारण 25 किलोमीटर. दुकानात अंगठ्याने दाबून पाहिली की जेलची मऊ सीटच आवडते, आणि गावातल्या पोवई नाक्यापर्यंतच्या फेरीला ती छानच. पण तासाभरात बसायची हाडं जेलमध्ये रुततात, जेल मधोमध वर येतं, नाजूक भागावर दाब पडून मुंग्या येतात. कडक सीट सुरुवातीला दुखते खरी. पण वजन हाडांवरच राहतं, मधे खाच असेल तर नसांवर दाबही कमी येतो. मी कडकच घ्या म्हणेन. फक्त रुंदी आपल्या मापाची हवी: नालीदार पुठ्ठ्यावर बसून उठा, उमटलेल्या दोन खळग्यांमधलं अंतर मोजा, त्यात दोनेक सेंटिमीटर मिळवा. पॅडची चड्डी दोन्हींवर लागतेच.