बीपीच्या गोळ्यांचे अकरा महिने: आधी खोकला, मग सुजलेले घोटे

बीपी १६०/१०० निघालं तेव्हा पहिली गोळी मिळाली रॅमिप्रिल, ५ मिलिग्रॅम. बीपी उतरलं, पण तिसऱ्या आठवड्यात कोरडा खोकला लागला. कफ नाही, ताप नाही, नुसती घशात खवखव. रात्री आडवं झालं की जास्तच. दोन महिने मी खोकल्याची औषधं घेत राहिले. बीपीच्या गोळीवर संशय येणार तरी कसा? डॉक्टरांनी मात्र ऐकताक्षणी ओळखलं. ही गोळी ज्या एन्झाइमला अडवते, तेच एन्झाइम शरीरातलं ब्रॅडिकायनिन नावाचं रसायन मोडत असतं. मग हे रसायन साचतं आणि खोकल्याची उबळ येते. गोळी बंद केल्यावरही खोकला पूर्ण जायला तीन आठवडे लागले.

मग अ‍ॅम्लोडिपिन. ५ मिलिग्रॅमला काहीच त्रास नव्हता. १० केल्यावर संध्याकाळी घोटे सुजायला लागले, मोज्यांचे वळ उठायचे, सकाळी पुन्हा पाय ठीक. किडनी बिघडली या धास्तीने मी न विचारता गोळी बंद केली. आठवड्याने बीपी १७०/१०४! ही चूक कृपा करून कुणी करू नका. तपासणीत किडनी उत्तम निघाली. अ‍ॅम्लोडिपिनने बारीक धमन्या सैलावतात, शिरा तेवढ्या सैलावत नाहीत. रक्त जोरात येतं, निघताना अडतं, आणि केशवाहिन्यांतून पाणी पाझरून घोट्यांशी उतरतं. म्हणूनच लघवीच्या गोळीने ही सूज फारशी हटत नाही, हे मला तेव्हा कळलं.

गेले पाच महिने अ‍ॅम्लोडिपिन ५ आणि टेल्मिसार्टन ४० एकत्र चालू आहे. टेल्मिसार्टन शिराही सैल करतं, त्यामुळे सूज बरीच ओसरली. ते ब्रॅडिकायनिनच्या वाटेला जात नाही, म्हणून खोकलाही नाही. सुरुवातीला झटकन उठलं की चक्कर यायची. पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून उठायची सवय लावली. रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (यावरून किडनीचं काम कळतं) मधूनमधून तपासावं लागतं. अंगदुखीची गोळीही आता मी विचारूनच घेते, कारण त्यातल्या बऱ्याच गोळ्या बीपी वाढवतात आणि किडनीवर ताण आणतात. गरोदरपणात रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन दोन्ही चालत नाहीत. आणि ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर वाट पाहू नका, थेट इमर्जन्सीत जा.

सध्या सकाळचं बीपी १२८/८२ च्या आसपास असतं. फार वेळ पाय लोंबकळत राहिले तर उजवा घोटा अजून थोडा फुगतो. किती वाजता आणि किती, ते वहीत लिहून पुढच्या भेटीत दाखवणार आहे.