जुन्या टाटा मर्सिडीज ट्रकची कॅब, म्हणजे ड्रायव्हरची केबिन, कामाला देताय? रंग लागायच्या आत हे वाचा

इंदूरला देवास नाक्याकडे एक डेंटिंग-पेंटिंगवाला आहे, त्याने कॅब नवी करून देतो म्हणून आमच्याकडून दोन लाख साठ हजार घेतले आणि गंजावर पुट्टी (खड्डे भरायचा लेप) थापून रंग मारून दिला. अशा जुन्या गाड्या ज्यांच्या घरी आहेत त्यांच्यासाठी लिहितोय.

गाडी 1966 ची, टेल्को (आताची टाटा मोटर्स) आणि मर्सिडीजवाल्या डाइमलर-बेंझचा करार 1954 ते 1969 होता ना त्या काळातली, जाळीवर तीन टोकांचा तारा असलेली. आमच्या आजोबांनी एबी (आग्रा-मुंबई) रोडवर मुंबईपर्यंत चालवली ही. इंजिन, चेसिस आजही ठणठणीत, पण कॅब सडलेली, दारांचा खालचा पत्रा, पायाखालचा फ्लोअर, काचेखालचा भाग, सगळ्याची चाळण.

ठरलं असं की सडलेला पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापून काढायचा, 18 गेजचा (1.2 मिलिमीटर जाड) नवा पत्रा मिग वेल्डिंगने जोडायचा, आतून-बाहेरून गंज रोखणारा इपॉक्सी प्रायमर, मग रंग. तो व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवायचा, वेल्डिंग एकदम सुंदर. पण आजोबांनी डॅशबोर्डवर गणपतीची फ्रेम स्क्रूने बसवली होती, त्याची चार भोकं आहेत, आणि फोटोतला डॅशबोर्ड साफ! म्हणजे कॅबच दुसरी. विचारलं तर म्हणे, "भिया, अँगल का फरक है, टेन्शन मत लो."

गाडी घरी आली तेव्हा रंग आरशासारखा होता. पहिल्याच पावसात दाराच्या खाली फुगे आले, नखाने दाबला तर पिवळं पाणी. लोहचुंबक लावला तर चिकटेच ना, घसरून खाली. मग दुसऱ्या मिस्त्रीकडून खरवडून घेतलं तेव्हा बोटभर जाड पुट्टी निघाली, तिच्या खाली कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी आणि जाळीमागे कोंबलेला हिंदी पेपर, भिजून लगदा झालेला. पुट्टी दोन-तीन मिलिमीटरच्या वर नकोच, ती ओल धरते आणि मागचा पत्रा अजून जोरात गंजतो. फ्लोअरवर तर जुन्या भोकांवर पातळ टिन रिबीट मारून बसवलेलं आणि वर काळा अंडरकोट फासलेला, वरून बघून कोणाला कळणार?

सगळ्यात राग येतो तो माउंटिंगचा. कॅब ज्या कोपऱ्यांवर चेसिसला बसते तिथे सडलेल्या पत्र्यावरच वरून पट्टी टाकून वेल्डिंगचे नुसते टाके मारलेत. इंदूरजवळचा भेरूघाट उतरताना जोराचा ब्रेक लागला असता तर? माणसाच्या जिवाशी खेळ आहे हा.

बिल म्हणजे वहीचं फाडलेलं पान, त्यात आठ बाय चार फुटांचे सहा पत्रे लावलेत. 1.2 मिलिमीटरचा असा एक पत्रा साधारण 28 किलोचा, म्हणजे 165 किलोच्या वर माल. एवढा नवा लागला तर कापलेला जुना पत्राही ढीगभर निघायला हवा, तो दाखव म्हटलं तर एक तुकडा नाही त्याच्याकडे.

म्हणून सांगतो, कापलेले तुकडे गोणीत भरून परत मागा. प्रायमरच्या आधी नागडा पत्रा स्वतः जाऊन बघा, वाकून खालून पण बघा, आणि तो बघेपर्यंत अर्ध्याच्या वर पैसे सोडू नका. पक्कं बिल घ्या, देत नसेल तर गाडी उचला तिथून. फसलाच असाल तर 1915 ही ग्राहक हेल्पलाइन आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. आम्ही केलीय, फोटो आणि ती जाळी जपून ठेवलीय.

परवा त्याच्या शेडवरून गेलो तर आत एक जुनी फर्गो ट्रक उभी, दारं काढलेली, अजून प्रायमर नाही लागलेला. ती कोणाची आहे माहीत असेल तर त्यांना आजच फोन करा.