रियाजाला ओढून बसवणारी पेटी : दोन रीड, साडेतीन सप्तकं आणि गोव्याचा पावसाळा

घरच्या रियाजासाठी पेटी (हार्मोनियम) बघायला गेलात की दुकानदार आधी स्केल चेंजरवाली, म्हणजे पट्ट्यांचा साचा सरकवून सूर बदलता येणारी पेटी पुढे सरकवतो. प्रत्येक पट्टीला तीन रीड (हवेने थरथरून सूर देणाऱ्या धातूच्या जिभा), हवेची वाट उघड-बंद करणारे नऊ खटके, आरशासारखं पॉलिश. दिसायला ती देखणीच असते. पण गोव्यात राहणाऱ्या आणि रोज अर्धा-पाऊण तास वाजवू इच्छिणाऱ्या माणसाने साधी, ४२ पट्ट्यांची, दोन रीडची, स्केल चेंजर नसलेली पेटी घ्यावी असं आमचं स्पष्ट मत आहे. ती कमी श्रमात बोलते, आणि रियाज टिकायला याहून मोठा आधार नाही. भाता जड, सूर उशिरा लागतो, पावसात दोन पट्ट्या अडकलेल्या, अशा पेटीसमोर उत्साही माणूसही चार दिवसांत कंटाळतो आणि दोष मात्र स्वतःच्या चिकाटीला देतो.

आधी पेटीत काय मिळतं ते. ४२ पट्ट्या म्हणजे खालच्या पांढरी एकपासून वरच्या पांढरी चारपर्यंत (प्रत्येक सप्तकातल्या पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या डावीकडून वेगवेगळ्या मोजतात). बाजारात ३९ पट्ट्यांच्याही पेट्या मिळतात, त्या वर पांढरी दोनलाच संपतात. फरक तीनच पट्ट्यांचा, पण काळी पाचला सा धरून वाजवताना तो जाणवतो. ४२ पट्ट्यांवर तार पंचम हाताशी असतो, ३९ मध्ये तार गंधारावरच थांबावं लागतं. गाणाऱ्या मुलीसाठी पेटी घेत असाल तर एवढ्याशा कारणावरून ३९ ची सोडून द्या. दोन रीडपैकी एक नर (नेहमीच्या उंचीचा सूर) आणि एक खर्ज (त्याच्या एक सप्तक खालचा) घ्या. नर-नर जोडीचा आवाज भजनात छान खुलतो, पण घरच्या छोट्या खोलीत तो कानाला टोचतो. खर्जाने आवाजाला बूड येतं आणि एकट्याने वाजवतानाही पेटी भरलेली वाटते.

दुकानात पॉलिशकडे बघू नका, भात्यापासून सुरुवात करा. कायम सुराचे (पट्टी न दाबताच सतत वाजणारे) सोडून बाकी सगळे खटके उघडा, एकही पट्टी न दाबता भाता भरा आणि कान लावा. बारीक ‘सूं’ ऐकू आली तर पट्ट्यांखालची चामडं लावलेली झाकणं नीट बसत नाहीत, हवा गळते. पट्टी न दाबताच एखादा सूर आपोआप गुणगुणू लागला तर त्या पट्टीची स्प्रिंग ढिली आहे किंवा झाकणाखाली कचरा अडकला आहे. मग एक पूर्ण भाता भरा, मध्य सप्तकातली एकच पट्टी धरा आणि हात भात्यावरून काढा. फक्त नर रीड उघडी असताना सूर दहा-बारा सेकंद सरळ टिकला तर आतला, हवा साठवणारा भाता चांगला. चार-पाच सेकंदांत सूर मावळला तर ती पेटी परत ठेवा, मग तिची किंमत कितीही कमी असो. रियाजात दमतो तो डावा हात, आणि तो दमला की मन उठतं.

पुढची परीक्षा हलक्या हाताची. भाता अगदी सावकाश सोडत खालपासून वरपर्यंत सगळ्या पट्ट्या एकेक करून दाबा. कमी दाबातही सूर लगेच उमटला पाहिजे. खर्जातले दोन-तीन सूर किंचित उशिरा बोलतात, तेवढं चालतं. मध्य सप्तकात मात्र उशीर नको. पट्टी दाबल्यावर खट्ट असा लाकडी आवाज किंवा शेजारच्या पट्टीला घासल्याचा भास आला तर दुकानदाराला तिथल्या तिथे दाखवा. भाता जोरात मारूनही ऐका. रीडवर दाब वाढला की सूर किंचित उतरतो, विशेषतः खर्जात. चांगल्या पेटीत आतला भाता हा दाब सांभाळतो, म्हणून उतार फारसा कळत नाही.

सुरांसाठी मोबाइलवरचा ट्यूनर पुरे. तो ४४० वर ठेवा, आधी फक्त नर उघडून प्रत्येक सूर तपासा, मग फक्त खर्ज उघडून. पाच सेंटपर्यंतचा फरक (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) रियाजाला अडत नाही. पण दोन्ही रीड एकत्र उघडल्यावर सूर हेलकावत असेल तर दोघांचं आपसात जुळत नाही, आणि असा सूर लावून गळा तयार करणं घातक. ‘जर्मन रीड’ अशी चिठ्ठी पाहून जास्त पैसे मोजू नका. गुजरातमधल्या पालिताणाच्या रीडना पेटीवाल्यांमध्ये मान आहे, त्या नीट बसवलेल्या असतील तर घरच्या रियाजाला उत्तम.

दुकानातल्या कसोट्यांनंतरही एक गोष्ट उरते, ती पेटीच्या स्वभावाचीच आहे. पेटीचे बारा सूर समान अंतरावर बसवलेले असतात. एका अर्धस्वराचे १०० भाग केले तर पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यात ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ भाग चढा असतो, शुद्ध धैवत सुमारे १६ भाग चढा. पंचमाचा फरक जेमतेम दोन भागांचा, तो कळतही नाही. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही ही दुसरी मर्यादा. अशा कारणांनी १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला बंदी घातली, आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडावं लागलं. रियाजात याचा उपयोग करून घ्यावा : मोबाइलवर तंबोरा लावा, पेटीवर सा आणि प धरा, गंधार मात्र गळ्याने लावा, मग पेटीचा गंधार दाबून दोघांतलं अंतर ऐका. हे अंतर एकदा ऐकू आलं की कान जागा होतो, आणि रोज पेटी उघडायला एक नवं कारण मिळतं. पेटीतले कायम सुराचे खटके मात्र बंदच ठेवा. ते सतत हवा खातात आणि भाता दुपटीने मारावा लागतो. तंबोऱ्याचं काम मोबाइलला द्या.

स्केल चेंजरबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात. या पेटीत पट्ट्यांचा अख्खा साचा डावी-उजवीकडे सरकतो, म्हणजे बोटं तीच ठेवून सूर बदलता येतो. कार्यक्रमात एकापाठोपाठ वेगवेगळ्या पट्टीच्या गायकांना साथ करणाऱ्याला याचा खरा उपयोग आहे. घरच्या रियाजाला नाही. सरकणारा साचा म्हणजे सरकवण्यापुरती मोकळी जागा, जास्त सुटे भाग आणि जास्त वजन, आणि दमट हवेत लाकूड फुगलं की पहिली तक्रार तिथूनच येते. शिवाय शिकणाऱ्याचं नुकसान होतं ते वेगळंच. तोच भूप राग पांढरी एकमध्ये, मग काळी एकमध्ये, मग काळी चारमध्ये हाताने बसवला की बोटांना सुरांचं अंतर कळायला लागतं. हा शोध फार आनंदाचा असतो. स्केल चेंजर तो हिरावून घेतो.

आता पाऊस. जून ते सप्टेंबर गोव्यात लाकूड, चामडं आणि लोखंड तिघांचीही परीक्षा असते, आणि किनाऱ्याजवळच्या घरात खाऱ्या वाऱ्याची भर पडते. पट्ट्या फुगून एकमेकींना किंवा खालच्या खिळ्याला घासतात, दाबलेली पट्टी वर येत नाही. स्प्रिंगवर गंज चढतो. भात्याच्या घड्यांत बुरशी धरते, कोपऱ्यांचा सरस सुटतो. चतुर्थी नेमकी याच दिवसांत येते. वर्षभर कपाटावर पडलेली पेटी आरतीसाठी खाली काढली जाते, आणि घुमट-शामेळ या गोव्याच्या तालवाद्यांच्या गजरात ऐकू यावी म्हणून भाता जोरजोराने मारला जातो. भाता फाटतो तो अशा वेळी.

अडकलेल्या पट्टीत तेल कधीही सोडू नका. तेलावर धूळ बसते, चामडं मऊ पडतं आणि हवा गळायला लागते. फवारण्याच्या डब्यातलं गंजनाशक तर दूरच ठेवा. पट्ट्यांवरची आडवी पट्टी काढा, अडणारी पट्टी अलगद उचला, जिथे घासल्याची चकाकी दिसेल तिथेच झिरो नंबरचा पॉलिश पेपर दोनदा फिरवा आणि वर पेन्सिलीचं शिसं घासा. जास्त घासलं तर नोव्हेंबरात लाकूड आटल्यावर तीच पट्टी हलायला लागेल, म्हणून कमीच बरं. एखादा सूर अचानक गप्प झाला तर बहुधा रीडच्या जिभेखाली कचरा असतो. पातळ कागदाची कड हलकेच सरकवली की तो निघतो. सूर चढवण्या-उतरवण्यासाठी कारागीर जीभ खरवडतात, टोकाकडे खरवडली की सूर चढतो आणि मुळाकडे खरवडली की उतरतो. हे स्वतः करू नका, एक ओरखडा जास्त झाला तर रीड गेली.

ठेवायची जागा महत्त्वाची. पेटी जमिनीवर नको, पावसाचा मारा येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला लागून नको, आणि प्रवासाच्या बंद खोक्यात तर पावसाळाभर अजिबात नको. लाकडी पाटावर, आतल्या भिंतीपासून वीतभर दूर, वर सुती कापड. प्लास्टिकच्या आवरणात ओल कोंडते. शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि रंग बदलला की तापवून पुन्हा वापराव्यात. तबल्यासाठी काही घरांत कपाटात बल्ब लावतात. पेटीला ती धग जवळून देऊ नका, सांधे उकलतात. आणि सगळ्यांत चांगला उपाय म्हणजे रोज वाजवणं. भात्यातून हवा खेळत राहते, चामडं लवचीक राहतं, पट्ट्या आपापली जागा धरून असतात. पडून राहिलेली पेटी जेवढी बिघडते तेवढी वाजती पेटी बिघडत नाही, म्हणजे रियाज हीच तिची निगा.

म्हणून ती डोळ्यांसमोर असावी. कपाटावरून उतरवणं, खोकं उघडणं, खटके लावणं यातच संध्याकाळचा उत्साह संपतो. कापड बाजूला केलं की सूर लागला पाहिजे.

अर्ध्या तासाची बैठक अशी लावावी. पहिली पाच मिनिटं एकच सूर आणि फक्त भाता : हात पुढे जाताना आणि मागे येताना आवाज जराही हलता कामा नये. गोव्यातल्या बोरी गावचे पेटीवादक पंडित तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८), ज्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांचं एकल वादन ऐकताना बोटांइतकंच लक्ष भात्याकडे द्या. पेटी गाते ती तिथून. पुढची पंधरा मिनिटं अलंकार, ‘सारेग, रेगम’पासून. मेट्रोनोम ६० वर, प्रत्येक ठोक्याला दोन सूर. तीन आवर्तनं स्वच्छ गेली तरच पाचने वाढवा, चुकलं तर पाचने मागे या. अंगठा काळ्या पट्टीवर शक्यतो टाळा. तिथे तो गेला की मनगट वाकडं होतं आणि पुढच्या सुराला उशीर होतो. शेवटची दहा मिनिटं आवडीच्या अभंगाला किंवा नाट्यपदाला राखून ठेवा आणि ती कधीही कापू नका. वेळ कमी असेल तर अलंकार कमी करा. उद्या पुन्हा बसावंसं वाटतं ते या दहा मिनिटांमुळे. आठवड्यातून एकदा तोच अलंकार मोबाइलवर मुद्रित करा. रोज ऐकताना न कळलेली सुधारणा महिन्यापूर्वीच्या मुद्रणाशेजारी लगेच ऐकू येते, आणि ती ऐकण्याचा आनंद कुठल्याही शाबासकीपेक्षा टिकाऊ असतो.

घेण्यापूर्वी दुकानदाराला एक प्रश्न नक्की विचारा : ट्यूनिंग इथेच होतं की पेटी बाहेर पाठवावी लागते, आणि पाठवली तर किती दिवस? पेटी महिनाभर घराबाहेर राहिली की लागलेली सवय मोडते. ट्यूनिंग पावसात करून घेऊ नका, हवा कोरडी झाल्यावर नोव्हेंबरच्या सुमारास करा.

ही पेटी सगळ्यांसाठी नाही. वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालतं. तशा गर्दीत पखवाज-टाळांवरून ऐकू जाणारा आवाज हवा असेल तर तीन रीडची घ्या. रोज वेगवेगळ्या गायकांना साथ करत असाल तर स्केल चेंजर घ्या, फक्त पावसाळ्यात साचा एकाच जागी ठेवा आणि उगाच सरकवू नका. दहा वर्षांखालच्या मुलासाठी घेत असाल तर आधी त्याला पेटीसमोर बसवून बघा. डावा हात भात्याच्या कडेपर्यंत खांदा न उचलता पोचत नसेल तर पेटीखालचा पाट काढून मुलाला जाड आसनावर बसवा. तरीही पोचत नसेल तर छोट्या आकाराची पेटी शोधा.