नळाच्या पाण्यातला अमोनिया आणि प्राइम: आठ महिने वापरल्यानंतर

पुण्यात असताना फिशटँकचं पाणी बदलायची माझी पद्धत ठरलेली होती. रात्री बादली भरून ठेवायची, अँटी-क्लोरीनचे चार थेंब टाकायचे आणि सकाळी पाणी ओतायचं. कित्येक वर्षं मासे ठणठणीत राहिले. सॅन फ्रान्सिस्कोला आल्यावर 75 लिटरचा टँक लावला आणि तेच चालू ठेवलं. दुसऱ्या महिन्यात एकदा अर्धं पाणी बदललं. संध्याकाळी सगळे गप्पी वर येऊन तोंडं उघडझाप करत होते, कल्ले लालभडक. तीन दिवसांत सात गेले. त्यातली एक मादी पिल्लं घालायच्या बेतात होती. अजून वाईट वाटतं.

मग नळाचंच पाणी तपासलं. इथे 2004 पासून पाण्यात नुसता क्लोरीन नसतो, क्लोरामाइन असतं, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाची जोडी. क्लोरीन बादलीतून उडून जातो, क्लोरामाइन रात्रभरात जात नाही. साध्या अँटी-क्लोरीनमधलं थायोसल्फेट ही जोडी फोडतं, क्लोरीन मारतं आणि अमोनिया पाण्यात मोकळा सोडतं. त्यात माझ्या नळाचा पीएच साडेआठच्या वर. पीएच 7 ला अमोनियाचा जेमतेम अर्धा-एक टक्का विषारी रूपात असतो, 8 ला पाचेक टक्के, आणि पुढे तो झपाट्याने वाढतो. टँक नवा, त्यात आधीच थोडा अमोनिया, वर माझी ही भर.

तेव्हापासून सीकेम कंपनीचं प्राइम हे पाण्यात टाकायचं औषध वापरतोय. ते क्लोरीन मारतं आणि, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे, सुटलेला अमोनिया बिनविषारी रूपात बांधून ठेवतं. 5 मिलीला 200 लिटर हे प्रमाण, म्हणून 19 लिटरच्या बादलीला अर्धा मिली. मी 1 मिलीची सुईविना सिरिंज ठेवली आहे, झाकणाने अंदाजे ओतत नाही. वास सडक्या अंड्यासारखा येतो, घाबरू नका, गंधकाचा आहे. पाणी पाइपने थेट टँकमध्ये भरत असाल तर मात्रा बादलीची नाही, पूर्ण टँकची धरायची. ही चूक फार जण करतात.

आता एक गोष्ट नीट सांगतो, कारण मी स्वतः दोन आठवडे गोंधळलो होतो. प्राइम टाकल्यावरही एपीआय कंपनीच्या अमोनिया तपासायच्या किटमध्ये रंग हिरवाच येतो. 5 मिली पाणी, दोन्ही बाटल्यांचे आठ-आठ थेंब, पाच मिनिटं थांबायचं, मग नळी पांढऱ्या कागदाला टेकवून खिडकीपाशी बघायची. स्वच्छ पिवळा म्हणजे शून्य, पिवळ्यात किंचित पोपटी झाक दिसली की 0.25 पीपीएम (दशलक्ष भागांत इतके भाग), ती गडद झाली की 0.5. हे किट एकूण अमोनिया मोजतं, बांधलेला आणि मोकळा वेगळा दाखवत नाही. म्हणून हिरवा दिसला की पुन्हा पुन्हा औषध ओतत बसू नका. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. कंपनी अमोनिया 24 ते 48 तास बांधून ठेवल्याचं सांगते, आणि तेवढ्यात फिल्टरमधल्या बॅक्टेरियांनी तो खायला हवा. माझ्याकडे पहिल्या महिन्यात सकाळीही पोपटी झाक राहायची. आता स्वच्छ पिवळा येतो.

म्हणजे अर्धं काम स्पंज फिल्टरचं आहे. तो स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका, क्लोरामाइनने त्यातले बॅक्टेरिया मरू शकतात. टँकमधून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळायचा. आणि एका वेळी पाव टँकच बदला. मी आता दर रविवारी एकच बादली बदलतो, आठ महिन्यांत एकही मासा पाणी बदलल्यामुळे गेलेला नाही.

भारतातल्या मित्रांनो, आधी नळाच्या पाण्याची अमोनियासाठी चाचणी करा. शून्य आला तर साधं थायोसल्फेट पुरेसं आहे, पैसे घालवू नका. रंग हिरवा आला तरच प्राइम घ्या. माझी 100 मिलीची बाटली अजून पाऊण भरलेली आहे, आणि राहिलेल्या गप्पींना गेल्या पंधरवड्यात वीसेक पिल्लं झाली आहेत.