आमच्या कंपनीतली युनियन: करार सगळ्यांचा, पण चार्जशीट आली की पावती दाखवा

कंपनीचं, युनियनचं नाव टाकत नाही, चाकण साईडला मशीन शॉपमध्ये अकरा वर्षं आहे एवढं पुरे. पहिली तीन वर्षं मी मेंबर नव्हतो, नंतर झालो, दोन्हीकडून बघितलंय म्हणून लिहितोय.

पगारवाढीचे करार करण्यात आमची बॉडी, म्हणजे युनियनची कमिटी, खरंच दमदार आहे. आत्तापर्यंतचे करार लेबर ऑफिसात समेट अधिकाऱ्यासमोर (दोन्ही बाजूंत तडजोड घडवणारा सरकारी माणूस) झाले आणि याला फार महत्त्व आहे, कारण 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम 18(3) प्रमाणे असा करार कारखान्यातल्या सगळ्या कामगारांना लागू व्हायचा, युनियनच्या वर्गणीची पावती फाडलेली असो नसो, नंतर भरती झालेल्यालासुद्धा. युनियनला मान्यता नसताना मॅनेजमेंटशी बाहेरच्या बाहेर सही केली असती तर 18(1) मध्ये फक्त सही करणारे दोघंच बांधले गेले असते. आमच्या लोकांनी मुद्दाम सगळ्यांना धरून केलं. मेंबर नसताना मलाही पगारवाढीचा पूर्ण फरक मिळाला, कुणी एक शब्द टोचून बोललं नाही, आणि त्यानंतरच मी वर्गणी चालू केली.

आता जिथं दुखतं ते. आमच्या लाईनवरच्या एकाला रिजेक्शनवरून (खराब निघालेल्या मालावरून) चार्जशीट, म्हणजे कंपनीचं आरोपपत्र, मिळाली, तो मेंबर नव्हता. युनियन ऑफिसात गेला तर पहिला प्रश्न, पावती आहे का. नियमाने बघितलं तर इथल्या मॉडेल स्टँडिंग ऑर्डर्सप्रमाणे (कारखान्यातल्या शिस्तीचे सरकारी नमुना नियम) कंपनीच्या चौकशीत युनियनचा पदाधिकारी आपल्या मेंबरच्याच बचावाला बसायचा, मान्य. पण त्याच डिपार्टमेंटचा कुठलाही कामगार बसू शकायचा हेही तिथंच लिहिलं होतं, आणि आमचा एक कमिटी मेंबर त्याच्या शेजारच्याच मशीनवर होता! तो बसला नाही. शेवटी मी बसलो. मला चौकशीचा काही अनुभव नाही, साक्षीदाराला उलट काय विचारायचं तेच सुचेना, आणि तो चार दिवस बिनपगारी सस्पेंड झाला. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

बॉडी म्हणते, फुकट मिळालं तर वर्गणी कोण भरणार. बरोबर आहे, वकिलाची फी वर्गणीतूनच जाते. पण युनियनला मान्यता मिळाली ती 1971 च्या राज्याच्या कायद्यावर, त्यात किमान 30 टक्के मेंबर दाखवले की पुरायचं आणि मग टेबलावर बाकीच्यांच्या वतीनेही तुम्हीच बोलणार. सगळ्यांच्या वतीने बोलायचा हक्क घेतलाय तर अडचणीतल्या माणसाशेजारी निदान बसा तरी, वकील नका देऊ.

आणि कंत्राटी पोरं तर कुठंच नाहीत. तीच मशीन, तीच शिफ्ट, टार्गेट तेच. मागच्या मागणीपत्रात त्यांच्यासाठी एक ओळ होती, कॅन्टीन आणि बसची, शेवटच्या बैठकीत ती सोडून दिली आणि गेट मीटिंगला त्यावर कुणी बोललंच नाही, पेढे वाटले गेले आणि ती पोरं बाजूला उभी होती.

नवीन लागलेल्यांनो, पावती पहिल्या महिन्यातच फाडा, चार्जशीट येईपर्यंत थांबू नका. पुढच्या जनरल बॉडीत मी दोन ठराव मांडतोय, चौकशीला प्रत्येक डिपार्टमेंटमधून एक शिकवलेला माणूस, मेंबर असो नसो, आणि कंत्राट्यांची ती ओळ परत मागणीपत्रात. तोपर्यंत पाचपैकी तीन स्टार, तिन्ही कराराचे.