मार्चमध्ये नर सोडायचाय: कोकरं आईखाली ठेवायची की आईपासून तोडायची?

ज्यांना दोन वर्षांत तीन वेतं काढायचीत त्यांच्यासाठी लिहितोय. पावसाळ्यात रानात हिरवं असतं, मेंढ्या आपोआप माजावर येतात, तेव्हा हा प्रश्नच नाही. गोची होते ती फेब्रुवारी-मार्चला, कारण कार्तिकात व्यालेल्या मेंढीखाली कोकरू अजून ढुशा मारत असतं आणि ते चोखतंय तोवर मेंदूकडून बीजांडाला जाणारा इशारा दबलेलाच राहतो.

आईखाली ठेवायचे फायदे आहेतच, कोकरं तुकतुकीत, भरड्याचा खर्च कमी, रात्री झोप. मी दोन वर्षं तेच केलं, नरपण कळपातच. नर कुठल्या मेंढीवर चढला ते डागावरून कळावं म्हणून त्याच्या छातीला तेलात कालवलेला गेरू लावायचो, तर महिनाभर तांबडे डाग पडले ते भाकड नाहीतर कोकरू मेलेल्या मेंढ्यांवर, बाकीच्या रेंगाळत रेंगाळत फळल्या. मग विण्याचं काम आषाढापासून पार दसऱ्यापर्यंत चाललं, भर चिखलात रोज वाघूर (मेंढ्या कोंडायचं जाळं) हलवायची, आणि बाजारात नेलं की एकसारखी कोकरं नाहीत म्हणून व्यापारी मोठी चार बाजूला काढणार अन् बाकीच्या सगळ्यांचा भाव पाडणार. ह्याच एका गोष्टीला वैतागलो बघा.

आता साठ-सत्तर दिवसांनी तोडतो. आधी पंधरा दिवस कोकरांना भरडा अन् शेवरीचा पाला दाखवायचा, तोडताना मेंढीचा खुराक दोन दिवस बंद, नाहीतर कास दगडासारखी होते (माझी एक अशीच एका सडाची झाली). तीन रात्री दोन्हीकडून असा ओरडा की शेजारच्या आखाड्यावरचे शिव्या देतात. नर महिनाभर लांब ठेवून मग सोडतो. पहिला माज मुका जातो, म्हणजे आत बीज सुटतं पण मेंढी नर घेत नाही, दोन-अडीच आठवडे डाग दिसत नाहीत, घाबरू नका, नंतर एकदम पडतात.

सकाळ-संध्याकाळ पाजून बाकी वेळ वेगळं ठेवणारेही आहेत, त्यांना फरक पडत असेल, मला नुसती ढोरमेहनत वाटली.

आपली दख्खनी थंड मुलखातल्या विलायती मेंढीइतकी हंगामाला बांधलेली नाही, त्यामुळं कुणाचं न तोडताही जमत असेल, नाही म्हणत नाही. आणि पाठीचा कणा हाताला टोचत असेल तर तोडूनही उपयोग नाही, आधी तिला खाऊ घाला. एखादं मरतुकडं कोकरू मात्र मी आईखालीच राहू देतो, त्या मेंढीची त्या खेपेची आशा सोडून.