रक्त की टिश्यू, बल्क की सिंगल सेल? ऑटोइम्यून आजारांवर जीन एक्सप्रेशनचं काम सुरू करताना

"सिंगल सेल करायचंय" असं म्हणत कोणी आलं की मी आधी विचारते, सॅम्पल कशाचं? आणि बहुतेक वेळा समोरून उत्तर येतं की ते अजून ठरायचंय. म्हणजे बाजारात तुरी. मशीन ठरलं, किट ठरलं, पेपरचं टायटलसुद्धा मनात तयार, फक्त कुठल्या पेशंटकडून काय आणि कधी घ्यायचं तेवढं राहिलंय. ल्युपस, रुमॅटॉइड आर्थ्रायटिस (पुढे नुसतं आरए म्हणते), स्क्लेरोडर्मा (त्वचा कडक करणारा) असल्या, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा, आजारांत हा क्रम उलटा झाला की डेटा ढीगभर येतो पण प्रश्न तिथल्या तिथेच राहतो. म्हणून कुठला जीन किती चालू आहे (जीन एक्सप्रेशन) हे मोजण्याच्या वाटांची तुलना दोन टप्प्यांत करतेय, आधी सॅम्पल म्हणून रक्त आणि टिश्यू (अवयवाचा तुकडा), मग मोजायची पद्धत म्हणून बल्क (सगळ्या पेशींची सरासरी) आणि सिंगल सेल (एकेक पेशी वेगळी). माझं मत आत्ताच सांगून टाकते, पहिला निर्णय दुसऱ्यापेक्षा कितीतरी मोठा आहे.

रक्त

रक्त मिळतं, परत परत मिळतं, आणि निरोगी माणसाचंही मिळतं. हे तीन मुद्दे एकत्र बघितले की या क्षेत्रातलं निम्मं काम रक्तावर का झालंय ते कळतं. ल्युपसमधली ती प्रसिद्ध इंटरफेरॉन सिग्नेचर, म्हणजे टाइप १ इंटरफेरॉनमुळे (प्रतिकारशक्तीला जागं करणाऱ्या एका प्रथिनामुळे) चालू होणारे जीन्स एकदम घोळक्याने वर जाणं, ती २००३ साली रक्तातच सापडली, बेक्लर यांच्या गटाला आणि बेनेट यांच्या गटाला, दोघांना एकाच वर्षी आणि दोघांनी हजारो जीन्स एका चिपवर मोजणारा मायक्रोअ‍ॅरेच वापरला होता. तिथून निघालेला धागा पुढे औषधापर्यंत गेला, इंटरफेरॉनच्या रिसेप्टरला अडवणाऱ्या अ‍ॅनिफ्रोलुमॅबला २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. तेव्हा रक्तात काय मिळणार असं कोणी नाक मुरडलं तर हे उदाहरण तोंडावर मारायला हरकत नाही.

पण याच सिग्नेचरचा दुसरा चेहरा पण बघा. ती ल्युपसच्या पेशंटला निरोगी माणसापासून छान वेगळं करते, पण एकाच पेशंटमध्ये फ्लेअर, म्हणजे आजाराची उसळी, आला की ती वर आणि आराम पडला की खाली असं सरळ नातं नाही, बऱ्याच पेशंटमध्ये ती महिनोन्‌महिने तशीच चढलेली असते. त्यामुळे तुमचा प्रश्न "हा आजार काय आहे" असा असेल तर ठीक, "आज आजार किती पेटलाय" असा असेल तर फक्त इंटरफेरॉनवर विसंबून राहू नका. २०१६ मध्ये बांशेरो आणि पास्कुआल यांच्या गटाने ल्युपस झालेल्या १५८ मुलांचं रक्त वेगवेगळ्या भेटींना घेऊन पाहिलं तेव्हा आजाराच्या तीव्रतेशी जास्त जुळला तो प्लाझ्माब्लास्टचा, म्हणजे अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींचा, सिग्नल. ही गोष्ट एकदाच रक्त घेऊन कधीच कळली नसती.

परत परत रक्त घेण्याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण २०२० चं आहे, डाना ऑरेंज आणि सहकाऱ्यांचं. पेशंट फक्त चार! पण ते घरीच बोटाला टोचून दर आठवड्याला थेंबभर रक्त काढून पाठवायचे, आणि मुख्य पेशंटचं तर हे चार वर्षं चाललं, त्यात आठ फ्लेअर आले. फ्लेअरच्या साधारण दोन आठवडे आधी बी पेशी (ज्यांच्यापासून अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी होतात) जाग्या होताना दिसल्या आणि मग एक आठवडा आधी रक्तात अशा पेशी आल्या ज्यांचे जीन्स सांध्याच्या अस्तरातल्या फायब्रोब्लास्टसारखे (टिश्यूचा सांगाडा बनवणाऱ्या पेशींसारखे) होते, त्यांना नाव दिलं प्राइम सेल्स, आणि फ्लेअर सुरू झाला की त्या रक्तातून कमी झाल्या, बहुधा सांध्यात गेल्या असाव्यात असा लेखकांचा अंदाज. पद्धत होती साधं बल्क आरएनए सिक्वेन्सिंग. ("फायब्रोब्लास्ट रक्तात कुठून येणार" असं म्हणून आपण किती डेटा न बघता सोडला असेल देव जाणे.)

आता रक्ताचे घोळ. पूर्ण रक्त घ्यायचं असेल तर आरएनए जागच्या जागी थांबवणाऱ्या ट्यूबमध्ये घ्या, पण मग हिमोग्लोबिनचे ट्रान्सक्रिप्ट (जीनच्या आरएनए प्रती) एवढे येतात की ते काढून टाकायची पायरी नाही घातली तर सिक्वेन्सिंगचा मोठा हिस्सा त्यावरच जातो. पीबीएमसी, म्हणजे रक्तातल्या लिम्फोसाइट-मोनोसाइट पेशी, सेंट्रिफ्यूजने वेगळ्या काढल्या तर तो त्रास नाही, पण न्यूट्रोफिल (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) गेले, आणि रक्त टेबलावर काही तास पडून राहिलं की पेशी घाबरून स्ट्रेसचे जीन्स चालू करतात, मग पेशंटचे सॅम्पल दुपारी आणि कंट्रोलचे सकाळी प्रोसेस झाले असतील तर तुम्ही आजार मोजताय की जेवणाची सुट्टी, सांगता येत नाही. न्यूट्रोफिल गेले म्हटलं खरं, पण ल्युपसमध्ये तेही पूर्ण खरं नाही, बेनेट यांच्या त्या कामात पीबीएमसीमध्ये ग्रॅन्युलोसाइट (न्यूट्रोफिल ज्यात मोडतात त्या पेशी) तयार होतानाचे जीन्स दिसले ते कमी घनतेच्या न्यूट्रोफिलमुळे, जे सेंट्रिफ्यूजमध्ये खाली बसायचे ते वरच्या थरात येऊन बसतात. म्हणजे जीन वाढला याचा अर्थ कुठल्या तरी पेशीने तो जास्त बनवला असंच नाही, त्या जातीच्या पेशीच जास्त आल्या असं पण असू शकतं. हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवा, पुढे लागणारे.

आणि स्टेरॉइड! बेनेटमध्येच दिसलं होतं की शिरेतून मोठा डोस दिल्यावर इंटरफेरॉन सिग्नेचर मावळते. त्यामुळे डोस किती आणि शेवटचा कधी, याची नोंद नसलेलं रक्ताचं सॅम्पल माझ्या मते अर्धं वाया गेलेलं सॅम्पल आहे. व्हायरल ताप नाहीतर नुकतीच घेतलेली लस यांनीही इंटरफेरॉनचे जीन्स चढतात, तेही विचारून लिहून ठेवायचं.

टिश्यू

भांडण जिथे चाललंय तिथे जाऊन बघायचं, ही टिश्यूची बाजू. आरएमध्ये सायनोव्हियम (सांध्याचं अस्तर), ल्युपस नेफ्रायटिसमध्ये (ल्युपसने किडनी सुजते तेव्हा) किडनी, स्क्लेरोडर्मात त्वचा. मिळायला कठीण, पेशंटला त्रास, परत परत घेणं जवळपास अशक्य, आणि एका सांध्याच्या एका कोपऱ्यातला तुकडा म्हणजे पूर्ण सांधा नव्हे म्हणून चार-सहा तुकडे घ्यावे लागतात. हे सगळं सोसूनही कधी घ्यायचं, तर उपचार निवडण्याचा प्रश्न असेल तेव्हा.

आर४आरए नावाची ट्रायल बघा, २०२१ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेली, पिट्झालिस यांच्या गटाची. टीएनएफ या सूज वाढवणाऱ्या प्रथिनावरच्या औषधाने ज्यांना पुरेसा फरक पडला नव्हता असे आरएचे १६४ पेशंट, सगळ्यांची सायनोव्हियल बायोप्सी, आणि मग चिठ्ठ्या टाकल्यासारखं रितुक्सिमॅब किंवा टोसिलिझुमॅब यांपैकी एक औषध. कल्पना सोपी होती, रितुक्सिमॅब बी पेशी मारतं, मग ज्यांच्या सांध्यात बी पेशी नाहीतच जमा त्यांना ते कशाला? मायक्रोस्कोपखाली बघून "बी पेशी कमी" ठरवलेल्या पेशंटमध्ये १६ आठवड्यांनी प्रतिसाद आला रितुक्सिमॅबला ४५ टक्के आणि टोसिलिझुमॅबला ५६ टक्के, फरक ठामपणे सांगण्याइतका नाही. पण तेच पेशंट आरएनए सिक्वेन्सिंगने वर्गवारी करून बघितले तर ३६ विरुद्ध ६३, आणि हा फरक टिकला. तोच टिश्यू, तेच पेशंट, फक्त डोळ्याऐवजी ट्रान्सक्रिप्टने मोजलं. आणि परत सांगते, हे पण बल्कच होतं.

कंट्रोलचा प्रश्न मात्र टिश्यूमध्ये रक्तापेक्षा वाईट. निरोगी माणसाच्या गुडघ्यातून अस्तराचा तुकडा कोण देणार, म्हणून ऑस्टिओआर्थ्रायटिसचं सायनोव्हियम वापरतात, पण तो पण आजारच आहे, निरोगी नव्हे. बरं पेशंटचाच चांगला भाग कंट्रोल म्हणून घ्यावा म्हटलं तर स्क्लेरोडर्माने ती वाट आधीच बंद केलीय. व्हिटफिल्ड आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्येच दाखवलं की पसरणाऱ्या प्रकारात कडक झालेली त्वचा आणि त्याच पेशंटची वरून चांगली दिसणारी त्वचा यांचं जीन एक्सप्रेशन जवळजवळ सारखंच, आणि दोन्ही निरोगी त्वचेपेक्षा वेगळी. म्हणजे ज्याला तुम्ही कंट्रोल म्हणून घेणार होता तो आतून आजारीच होता. कंट्रोल त्या पेशंटचाच घेतला असता तर "काही फरक नाही" असा निष्कर्ष काढून मोकळे झाले असते.

किडनीत एक मधली वाट आहे. २०१९ मध्ये अराझी आणि सहकाऱ्यांनी ल्युपस नेफ्रायटिसच्या २४ पेशंटच्या किडनीतल्या पेशी एकेक करून वाचल्या आणि लघवीतल्या रोगप्रतिकारक पेशींशी ताडून बघितल्या तर बरंच साम्य निघालं. बायोप्सी परत परत नाही करता येत पण लघवी रोज मिळते, तेव्हा नेफ्रायटिसवर वेळेनुसार काही बघायचं असेल तर रक्ताच्या आधी मी याचा विचार करेन.

बल्क आणि सिंगल सेल

बल्क म्हणजे सगळ्या पेशी एकत्र कुटून सरासरी काढायची, सिंगल सेल म्हणजे एकेका पेशीची वेगळी चौकशी. आकडे कसे वाढलेत बघा, एएमपी नावाच्या अमेरिकन प्रकल्पाच्या २०१९ च्या आरएवरच्या पेपरमध्ये सायनोव्हियमच्या ५,२६५ पेशी सिंगल सेलने वाचल्या होत्या, २०२३ मध्ये त्याच प्रकल्पाने ३,१४,००० च्या वर वाचल्या, आणि २०२२ मध्ये पेरेझ आणि सहकाऱ्यांनी ल्युपसचे १६२ पेशंट आणि ९९ कंट्रोल घेऊन रक्तातल्या १२ लाखांवर पेशी.

यातून जे मिळालं ते बल्कने मिळणं अवघड होतं हे मान्यच करायला हवं. आरएच्या सायनोव्हियममध्ये अस्तराखालच्या थरातले थाय१ (एक ओळखखूण प्रथिन) वाले फायब्रोब्लास्ट, आयएल१बी (सूज वाढवणारं प्रथिन) बनवणारे मोनोसाइट, बी पेशींना मदत करणाऱ्या टीपीएच नावाच्या टी पेशी, ही सगळी मंडळी वेगवेगळी ओळखता आली. आणि २०२३ च्या कामात तर पेशींच्या प्रमाणावरून आरएच्या सायनोव्हियमचे सहा प्रकार पाडले. तुमचा प्रश्न "हा जीन बनवतंय कोण" असा असेल तर सिंगल सेलला पर्याय नाही.

पण लोक एक हिशोब नेहमी चुकवतात. वीस हजार पेशी म्हणजे वीस हजार सॅम्पल नव्हेत! चार पेशंट आणि चार कंट्रोल असतील तर तुमचा एन, म्हणजे स्वतंत्र सॅम्पलची संख्या, प्रत्येक गटात चारच आहे, पेशी कितीही असू देत. सगळ्या पेशी स्वतंत्र धरून टेस्ट चालवली की पी व्हॅल्यू (जितकी लहान तितका फरक पक्का वाटतो) अशा येतात की शून्यं मोजता मोजता दमायला होतं, आणि त्यातल्या बऱ्याच खोट्या असतात. एका पेशंटच्या एका जातीच्या पेशींची बेरीज करून म्हणजे स्यूडोबल्क करून मग तुलना करायची, म्हणजे फिरून बल्कवरच आलात. याशिवाय सिंगल सेलसाठी पेशी ज्या ड्रॉपलेटमध्ये (थेंबांत) पकडतात त्यात न्यूट्रोफिल नीट टिकत नाहीत, त्यांच्यात आरएनए मुळात कमी आणि तो तोडणारी एन्झाइम्स भरपूर. टिश्यू एन्झाइमने सोडवताना पेशी स्ट्रेसमध्ये जातात. कमी प्रमाणात बनणारे सायटोकाइन (पेशींमधले निरोप पोहोचवणारी प्रथिनं) तर बऱ्याच पेशींत शून्यच दिसतात, नसतात म्हणून नव्हे तर पकडले जात नाहीत म्हणून.

बल्कची बाजू कंटाळवाणी पण भक्कम. जास्त पेशंट घेता येतात, गोठवलेला जुना तुकडाही चालतो, कमी बनणारे जीन्स पण दिसतात. उणीव तीच भिंतीवर लिहिलेली, पेशी वाढल्या की जीन वाढला ते कळत नाही. त्यावर डीकॉन्व्होल्यूशन करतात, म्हणजे सिंगल सेलचा डेटा संदर्भ म्हणून घेऊन बल्कमधली पेशींची प्रमाणं अंदाजाने काढायची. मोठ्या जातींसाठी चांगलं चालतं, बारीक उपजातींसाठी मी फार भरवसा ठेवत नाही.

बाकीचे पटकन. मायक्रोअ‍ॅरे आता नव्याने करायला कारण नाही, पण जुना डेटा जिओ (GEO) या जीन एक्सप्रेशनच्या सार्वजनिक डेटासाठ्यात फुकट पडलाय आणि तो सोनं आहे, स्वतःची लॅब नसेल तर तिथूनच सुरुवात करा. क्यूपीसीआर (मोजक्याच जीन्सची मोजणी) शोधायला नाही, तपासायला, अ‍ॅनिफ्रोलुमॅबच्या ट्रायलमध्ये इंटरफेरॉन जास्त की कमी हे फक्त चार जीन्सवर ठरवलं होतं आणि तेवढं पुरलं. स्पेशियल (टिश्यूत कुठल्या जागी कुठला जीन चालू आहे ते बघायची पद्धत) तेव्हाच जेव्हा शेजार हाच प्रश्न असेल, म्हणजे सायनोव्हियममधल्या लिम्फोसाइटच्या गाठोड्यांभोवती काय चाललंय वगैरे, आणि व्हिझियम या स्पेशियल पद्धतीच्या मूळ आवृत्तीत एक ठिपका ५५ मायक्रॉनचा असतो, त्यात अनेक पेशी मावतात, तेव्हा त्याला सिंगल सेल समजू नका.

मग मी काय निवडेन? क्लिनिकमध्ये बसून पेशंट वर्षानुवर्षं बघता येत असतील तर रक्त, बल्क, जमेल तितक्या वेळा, आणि औषधांची चोख नोंद. हातात ताज्या बायोप्सी येणार असतील तर सगळ्यांवर बल्क आणि त्यातल्या मोजक्यांवर सिंगल सेल, उलटं नाही. फ्रीझरमध्ये पडलेले जुने तुकडे असतील तर अख्ख्या पेशी सुट्या होणार नाहीत, तिथे एकेका न्यूक्लियसचं सिक्वेन्सिंग होतं, ते बघा. आणि दहाच्या आत पेशंट, एकदाच घेतलेलं रक्त, मिश्र औषधं अशी अवस्था असेल तर कुठलंच मशीन बुक करू नका, आधी जिओवर तुमचा अंदाज तपासा.

आणि काहीही निवडा, एक पाच मिनिटांचं काम सगळ्यात आधी करा. आमच्याकडे एकदा पेशंटचे सॅम्पल एका बॅचला आणि कंट्रोलचे दुसऱ्या बॅचला गेले होते, ती चूक कुठल्याही सॉफ्टवेअरने सुटली नाही आणि सगळं परत करावं लागलं, पण त्याच गोंधळात दोन ट्यूबांची लेबलं बदललेलीही सापडली ती झिस्ट या जीनमुळे. तो बायकांमध्ये भरपूर दिसतो आणि पुरुषांमध्ये जवळपास नाहीच, वाय क्रोमोसोमवरच्या एखाद्या जीनशी जोडी लावून आलेख काढला की दोन ढीग स्वच्छ पडतात. ल्युपसमध्ये दहातले नऊ पेशंट बायका असतात आणि कंट्रोलमध्ये पुरुष जास्त आले असतील तर तेही तिथेच दिसतं, मग ज्याला तुम्ही ल्युपसचा टॉपचा जीन म्हणून मिरवणार होता तो झिस्टच निघायचा.